चार पोत्यांतली येझडी

कीर्तनकार नारायणबुवांची येझडी मोटारसायकल उकंडरावांच्या गोठ्यात चार पोत्यांत भरलेली होती. ती पुन्हा आपल्या चाकांवर उभी राहील त्या दिवशीच मी मृदंगाला हात लावीन, असं उकंडराव सहा वर्षांपासून सांगत आले होते. सोनाळा गावात पहिल्या वर्षी लोकांना त्यात निष्ठा दिसली, दुसऱ्या वर्षी हट्ट दिसला, आणि तिसऱ्या वर्षी भजनी मंडळाने दुसरा मृदंगवाला पाहिला. उकंडरावांचा मृदंग त्यांच्या माजघरात आढ्याला टांगलेला राहिला, बुवांच्याच एका जुन्या उपरण्यात गुंडाळून.

एकतीस वर्षांची संगत होती ती. कीर्तनात उकंडराव बुवांच्या उजव्या हाताला बसत आणि रस्त्यावर बुवांच्या मागे. मांडीवर मृदंग आडवा, एक हात त्याच्यावर, दुसरा बुवांच्या खांद्यावर. सातपुड्याच्या पायथ्याचं असं गाव नव्हतं जिथल्या सप्त्याला ही जोडी गेली नाही. येझडीचा आवाज असा की मागच्याचं बोलणं पुढच्याला ऐकू येत नसे. म्हणून दोघांनी थापांची भाषा ठरवून टाकली होती. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, आणि लागोपाठ तीन म्हणजे बुवा, वाट चुकली. गाडी चालवता चालवता बुवांच्या मनात संध्याकाळचं कीर्तन जुळत असायचं, त्यामुळे त्या तीन थापांची पाळी बऱ्याचदा यायची.

कीर्तनातही गाडी यायचीच. बुवा म्हणत, "बाबाहो, टाकीत पेट्रोल काठोकाठ हाय, चाकात हवा हाय, गाडी पुसून चकचकीत हाय. पण ठिणगीच पडत नसन तं किका मारून मारून पाय दुखतीन, गाडी जागची हालणार नाही. तसा भाव नसन तं नाम घेऊन घेऊन नुसती जीभ दुखते." तेवढ्यात उकंडराव मृदंगावर किक मारायचे. डाव्या तोंडावर तळहात घासून एक किक, फुकट. दुसरी किक, फुकट. तिसरीला गाडी धरायची आणि मृदंगातून अशी धुगधुग निघायची की मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग बुवा दोन्ही हात वर करून नामाचा गजर धरायचे, आणि हसता हसता माणसं कधी रडायला लागली हे त्यांचं त्यांना कळायचं नाही. देवाने त्या दोघांना ती हातोटी दिली होती.

सहा वर्षांपूर्वीच्या माघात बुवांनी गाडी स्वतःच्या ओसरीवर सगळी खोलली. आवाज फुटका येतो म्हणाले. "टुनकीचा सप्ता आटोपला का जोडू दोघं मिळून," असं म्हणून त्यांनी नटबोल्ट वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवले, आणि टुनकीच्या काल्याच्या कीर्तनाला ही जोडी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या जीपमधून गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बुवा अंथरुणातून उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मंजुळाबाईंनी, बुवांच्या बायकोनं, उकंडरावांना बोलावून घेतलं. "भावजी, हे लोखंड तुमीच न्या," त्या म्हणाल्या. "येता जाता पायात येते, न मले त्याच्याकडे पाह्यवत नाही."

तीच ही चार पोती. दर खंडेनवमीला उकंडराव ती अंगणात आणून सोडायचे. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजायची ही घरची रीत. विळा, कुदळ, वखराची पास यांच्या ओळीत ते गाडीचा एकेक भाग मांडत. देवळातले टाळ घासावेत तसे त्यांची बायको गीताबाई ते भाग चिंचेनं आणि राखेनं घासून काढायची. वर हळद, कुंकू, झेंडूची फुलं. नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडायचं, हात जोडायचे, आणि पोती पुन्हा सुतळीनं बांधून गोठ्यात. सहा खंडेनवम्या झाल्या, एकही चुकली नाही.

यंदा पौषात करिष्मा आली. बुवांची ही नात आळंदीला चार वर्षं राहून कीर्तन शिकून आली होती. बुवांच्या पुण्यतिथीला टुनकीतच तिचं पहिलं कीर्तन ठरलं होतं.

"उकंडबाबा, मृदंगाले तुमीच पाह्यजे," ती पाया पडून म्हणाली.

"गाडी उभी राह्यली का वाजवीन माय. म्या तं सांगेलच हाय पह्यलंपासून."

"मंग करा ना उभी. लोकं पोत्यातल्या गाड्या काढून नव्यासारख्या करून राह्यले आजकाल. आजोबाची गाडी पाहात होते थे फकीर मिस्त्री खामगावात हायेत ना अजून?"

सहा वर्षांत उकंडरावांच्या अटीला मान सगळ्यांनी दिला होता. अट पुरी करा, असं कोणी म्हटलं नव्हतं. "पाहू," एवढंच ते म्हणाले.

करिष्मा गेल्यावर गीताबाई सुपातली ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "पोरीनं बराबर जाग्यावर बोट ठेवलं."

"काय बराबर?"

"गाडी पोत्यात हाय तवरिक तुमाले कोणी काही म्हणत नाही. तुमाले वाजवाचं नाही, थे सरळ सांगा. बिचाऱ्या लोखंडाच्या नावानं काऊन?"

"तुले काय समजते त्यातलं."

"एकतीस साल तुमी गावोगाव हिंडले, मी घरी बसली," गीताबाई म्हणाली. "समजून घ्याले लय वेळ होता मले."

तिसऱ्या दिवशी खामगावच्या जिनिंगला कापूस घेऊन चाललेल्या एका पिकअपमध्ये उकंडरावांनी पोती चढवली. गाडीवाला म्हणाला, "काका, तेलकट पोते कापसाले टेकू देऊ नका, व्यापारी नाक मुरडते."

"तेल नाही त्याले," उकंडराव अभिमानाने म्हणाले. "धुऊन पुसून ठेवेल हाय."

फकीर मोहम्मद मिस्त्रींचं दुकान एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या मागच्या गल्लीत होतं. पन्नास वर्षं त्याच जागेवर, आता एकटेच. उकंडरावांना पाहून ते उठले, पोत्यांकडे पाहून पुन्हा बसले.

"बुवाची?"

"हाव."

"आणा इकडं, उकंडभाऊ."

त्यांनी जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि एकेक भाग काढून जागच्या जागी मांडायला सुरुवात केली. पुढे पुढचं चाक, मागे मागचं, मध्ये सांगाडा, वर टाकी. बघता बघता ताडपत्रीवर एक आडवी येझडी निजलेली दिसू लागली. सहा वर्षांत तिचा आकार उकंडरावांनी पाहिलाच नव्हता. दरवर्षी ते तिला कुदळीशेजारी ओळीत मांडत आले होते.

"टाकी चांगली. फोर्क चांगले. रिमा चांगल्या," फकीरभाई बोलत होते. मग मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दोन दांडे हातात घेऊन ते थांबले. "हे काय? डावं रबर जसंच्या तसं, न उजवं घासून पापड झालं?"

उकंडराव लाजल्यासारखे झाले. "थो माह्या पायाचा प्रताप हाय. रस्त्यानं येझडीच्या आवाजावर ठेका धरून बसो मी."

"एकतीस साल?"

"एकतीस साल."

फकीरभाईंनी ते रबर बाजूला ठेवलं आणि चौथं पोतं ओढलं. त्यात इंजिन होतं. त्यांनी सिलिंडर उचलून उजेडाकडे धरला, आत बोट घातलं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, हातात घेऊन फिरवून पाहिला. तो फिरला नाही. रॉकेलमध्ये बुडवून पुन्हा पाहिला, तरी फिरला नाही. इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उलटी केली, तर तिला पांढरा भुरा आला होता आणि ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ली गेली होती.

"गंजलं भाऊ," ते म्हणाले. "सहा साल काही कमी नाही. पोत्याले ओल लागतेच."

उकंडराव वाकले. सिलिंडरच्या आत गंज होता, तांबूस. पण त्या गंजात एक रेघ वेगळीच लाल होती. बेअरिंगच्या खोबणीत काहीतरी पिवळं चिकटलेलं होतं. त्यांनी नखाने काढलं. झेंडूची वाळलेली पाकळी होती.

"फकीरभाई, हे ओलीनं झालं?"

"हवेनं बी होते."

"खरं सांगा. दर खंडेनवमीले चिंचेनं धुतलं, नारयलाचं पाणी शिंपडलं. त्यानंच झालं ना?"

फकीरभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "इंजिनच्या आतल्या भागाले तेलातच ठेवा लागते. पाण्याचं न त्याचं जमत नाही. न चिंच, न नारयलाचं पाणी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "तुमी पूजा केली, उकंडभाऊ. कोणी वैर नाही केलं."

उकंडराव ताडपत्रीच्या कडेला बसून राहिले. दरवर्षी नारळाचं पाणी शिंपडताना त्यांनी डोळे मिटून बुवांचं नाव घेतलं होतं. एक वर्ष जरी विसरलो असतो, आळस केला असता, तर तेवढा तरी भाग वाचला असता, असा विचार त्यांच्या मनात आला.

"उभी होईन का?" त्यांनी विचारलं.

"होईन. मी करून देईन. क्रँक एका गाडीचा, सिलिंडर दुसरीचा, केस तिसरीची. हुडका लागन. साल लागन, दोन साल बी लागतीन. पण किक मारली का बोलीन."

"मंग थे बुवाची राहीन का?"

फकीरभाईंनी उलट विचारलं, "तुमच्या मृदंगाची पुडी किती खेपा बदलली?"

"ध्यानात नाही. कातडं फाटलं का बदलावंच लागते."

"मंग थो मृदंग तुमचा राह्यला का दुसऱ्याचा झाला?"

"खोड तेच हाय ना. खैराचं. थे कुठं बदलते?"

"हां," फकीरभाई म्हणाले आणि त्यांनी पांढरा भुरा आलेल्या केसवर तळहात ठेवला. "येझडीचं खोड म्हणजे हे."

गल्लीतून हातगाडीवाला ओरडत गेला. मग फकीरभाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "उभी झाल्यावर चालवीन कोण?"

उकंडरावांना मोटारसायकल येत नव्हती. एकतीस वर्षांत ते कधी पुढे बसले नव्हते. आणि त्याच क्षणी त्यांना गीताबाईचं बोलणं आठवलं. होय म्हटलं की दोन वर्षं मिळत होती. दोन माघ. कोणी विचारलं तर सांगायचं, गाडी खामगावात आहे, काम चालू आहे. मिस्त्रीला आजच होय म्हणावं असा मोह त्यांना झाला, आणि त्या मोहाची त्यांना लाज वाटली. गाडीसाठी ते इथे आलेच नव्हते. बुवांशिवायच्या पहिल्या आवर्तनाला ते भीत होते, एवढीच खरी गोष्ट होती.

"तुमचं नाव उकंडा काऊन ठेवलं?" फकीरभाईंनी मध्येच विचारलं. "इतके साल झाले, इचारलं नाही कधी."

"माह्या आधीचे तिघं जगले नाहीत. मंग मी झालो तं मायनं मले उकंड्यावर नेऊन ठेवलं, गावाच्या केरात. म्हणजे काळाले वाटावं, हे फेकेल हाय, याच्यात काही नाही. शेजारणीनं उचललं न सूपभर ज्वारी घेऊन मायले परत इकलं."

फकीरभाई हसले. "माह्या आधीचे दोघं गेले. आईनं दर्ग्याले मन्नत बोलली, पाच घरची भीक मागून मले चारली, न नाव ठेवलं फकीर. आपुन दोघं बी फेकून उचलेल."

"आपल्याले उचललं तवा आपल्यात जीव होता, फकीरभाई."

ते बोलून गेल्यावर उकंडरावांना कळलं की आपला निर्णय झाला.

"नका करू उभी," ते म्हणाले.

फकीरभाईंनी फोर्क उचलून पाहिले आणि म्हणाले, "मलकापूरचे एक मास्तर कधीचे अशे फोर्क हुडकून राह्यले. टाकी बी कोणाले तरी लागन. देऊ?"

"ज्याले लागन त्याले द्या. मले फक्त थे उजवं रबर द्या."

"न्या."

"फुकट कसं नेऊ?"

"सूपभर ज्वारी आणजा पुढच्या खेपेले," फकीरभाई म्हणाले. दोघं हसले. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

घरी येऊन उकंडरावांनी देवाच्या फोटोसमोर हात जोडले. शब्द मोडतो आहे, एवढंच सांगितलं. मग आढ्याचा मृदंग खाली घेतला आणि सहा वर्षांनी उपरण्याची गाठ सोडली.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. कीर्तन झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. उकंडरावांनी ती एकदाच खरवडली नव्हती, टुनकीच्या काल्याच्या कीर्तनानंतर. तेव्हा बुवांना घरी जायची घाई होती. आणि नंतर उकंडरावांचा हात धजला नाही. बुवांच्या शेवटच्या कीर्तनाची कणीक ती. आता तिचा काळा, तडकलेला दगड झाला होता आणि त्याला किड्यांनी भोकं पाडली होती. उकंडरावांनी पाणी लावून, बोटाने हळूहळू ती सोडवायचा प्रयत्न केला. कणीक निघाली, पण तिच्याबरोबर खालचं कातडंही तळहाताएवढं फाटून आलं.

गाडी त्यांनी धुऊन घालवली होती, आणि पुडी न धुता.

गीताबाई दारात उभी होती. ती टोमणा मारेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "पुडी बदलाची असन तं आत्ताच शेगावले धाडा. माघ जवळ आला."

पुण्यतिथीच्या दिवशी दुपार कलल्यावर करिष्मा बॅटरीची स्कूटर घेऊन आली. उकंडराव मागे बसले. मांडीवर मृदंग, खिशात रबर. स्कूटरला आवाजच नव्हता. रस्त्याकडेच्या चिमण्या ऐकू येत होत्या. एवढ्या शांत गाडीवर बुवा पुढे असते तर केवढं बोलणं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. एकतीस वर्षांचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दोघं फक्त थापांनी बोलले होते.

टुनकीच्या अलीकडच्या विहिरीपाशी त्यांचा हात आपोआप करिष्माच्या खांद्यावर दोनदा पडला. तिने गाडी थांबवली.

"काय झालं, उकंडबाबा?"

"काही नाही माय. तुहा आजा इथी उतरून पाणी प्यायचा. गळा साफ करायचा. दोन थापा म्हणजे थांबा."

"न एक?"

"एक म्हणजे हळू."

करिष्मा उतरली. विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवलेली होती. डिकीतली बाटली काढून ती दोन घोट पाणी प्यायली, थोडं तिने त्यांना दिलं.

"हात बसेल नाही माहा," उकंडराव म्हणाले. "चुकलो तं तू थांबू नको. तू पुढं जा."

तिने बाटली डिकीत ठेवली आणि गाडी सुरू केली.

कीर्तन सुरू झालं. वीणा, टाळ, मांडव भरलेला, पुढच्या रांगेत मंजुळाबाई. उकंडरावांनी नव्या पुडीवर ताजी कणीक लावली होती. पहिल्या अभंगाला तिसऱ्याच आवर्तनात त्यांचा हात मागे पडला, सम हुकली. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. उकंडरावांनी मान खाली घातली. तेवढ्यात गाता गाताच करिष्मा उजवीकडे सरकली आणि तिने त्यांच्या खांद्यावर एक थाप दिली. एकच. तिने लय उतरवली. टाळ उतरले. त्यांच्या हाताला ठेका सापडला.

पुढे तिने आजोबांचाच दृष्टांत घेतला. टाकीत पेट्रोल हाय, चाकात हवा हाय. मांडवातल्या जुन्या माणसांना तो आठवला, हशा आला, आणि सगळ्यांच्या नजरा मृदंगाकडे वळल्या.

उकंडरावांनी डाव्या तोंडावर तळहात घासला. एक किक, फुकट. दुसरी किक, फुकट.

मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. तिसरी किक, जिला गाडी धरायची, ती त्यांनी वाजवली नाही. हशा अर्ध्यावर विरला. मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. करिष्माने तेवढी जागा रिकामी जाऊ दिली, आणि मग दोन्ही हात वर करून नामाचा गजर धरला. उकंडरावांनी तो तिच्या मागून मृदंगावर उचलला.